उलट्या तोंडाची गाय

इर्मेली तान्स्कानेनला अहोजाहो केलं की ती मागे वळून बघते, आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून. त्यामुळे सत्तरीच्या बाईला ‘तू’ म्हणायची सवय मला लवकर लागली. तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी सहा वर्षं राहते आहे.

तीस वर्षं तिनं फिरत्या वाचनालयाची बस चालवली. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी कॅमेरा भेट दिला. सोबतची माहितीपुस्तिका तिनं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली, दुसऱ्या दिवशी मंगळवार होता म्हणून फिरायला गेली, आणि तेव्हापासून दर मंगळवारी जाते. मग उणे पंचवीस असो की डासांचा महिना असो.

प्राण्यांचे फोटो ती काढत नाही. ते थांबत नाहीत, आणि थांबलेच तर आपल्याला भीती वाटते, असं तिचं म्हणणं. ती दगड काढते, डबकी काढते, बर्चची सोललेली साल काढते. एकच डबकं तिनं मार्चपासून मेपर्यंत नऊ मंगळवार काढलं. नवव्या फोटोत काळ्या पाण्यावर नखाएवढा बर्फ उरला आहे. तो पाहताना अजून माझे दात शिवशिवतात.

पण तिचे सगळ्यात सुंदर फोटो कुणी पाहिलेले नव्हते. ते तिच्या अळंबीच्या जागेचे होते.

आमच्या हौकिवारा गावात माणूस ऑपरेशनचा व्रण शर्ट वर करून दाखवेल, पण पिवळी अळंबी कुठे उगवते ते सांगणार नाही. कुणी विचारतही नाही. विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं, “जंगलात.” जागा आयुष्यात एकदाच, एकाच माणसाला द्यायची असते.

इर्मेलीला ती सासूनं दिली. सासूबाई साइमी, अतिशय कमी बोलणारी बाई. एका शनिवारी सौनाच्या वाफेत इर्मेली तिची पाठ चोळत असताना ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, की जुन्या गिरणीच्या मागे, बसलेल्या गाईसारखा दगड आहे तिथे. आणि हे राईलीला कळता कामा नये.

राईली म्हणजे साइमीची मुलगी, इर्मेलीची नणंद. दर रविवारी कॉफीला येते आणि कपात वाकून म्हणते, “तळ दिसतोय ग इर्मेली. मासे सोडलेस तर तेही दिसतील.” पडदे, केक, नवऱ्याचे मोजे, राईलीनं चाळीस वर्षांत काही सोडलं नव्हतं. इर्मेली हसून कप पुन्हा भरायची. तिला हसणं का जमतं ते मला पुढे कळलं. पोटच्या मुलीला डावलून सासूनं जागा सुनेला दिली होती. एवढं गाठीशी असल्यावर मोज्यांबद्दलचे टोमणे काय लागणार?

ऑगस्ट संपताना मात्र दोघींचं एका बाबतीत एकमत व्हायचं. इर्मेलीची तक्रार असायची की तिच्या जागी कुणीतरी आधीच येऊन निम्मी अळंबी फस्त करतं, बहुधा एल्क, त्या घोड्याएवढ्या हरणाला दुसरा उद्योगच नाही. राईली म्हणायची, एल्क परवडला, माझ्या जागी ससा येतो आणि नेमकी कोवळी तेवढी खातो. मग दोघी मिळून जनावरांना नावं ठेवायच्या. रविवारचा तेवढाच भाग गोडीगुलाबीचा.

दोन वर्षांपूर्वी राईलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचं जंगल सुटलं. त्याच वर्षी इर्मेलीची बादली काठोकाठ भरली. तिनं मला खुशीत सांगितलं, एल्कला बहुतेक शिकाऱ्यांनी उडवला.

यंदा फेब्रुवारीत गावच्या वाचनालयात फोटोंचं प्रदर्शन ठरलं. विषय होता, एक जागा, चार ऋतू. इर्मेलीचा जीव टांगणीला लागला. चारही ऋतूंत तिनं मन लावून काढलेली जागा एकच होती. दाखवावी तर जागा जाईल, आणि जागेबरोबर सासूचा शब्दही. न दाखवावी तर इतक्या वर्षांचे मंगळवार डब्यातच राहणार.

आठवडाभर स्वयंपाकघराच्या टेबलावर फोटो पसरलेले होते. तिनं एकातली विजेची तार कापली, दुसऱ्यातलं गिरणीचं छप्पर कापलं. शरद ऋतूचा फोटो तर असा निवडला की त्यात रोवन झाडाची लाल पानं आणि आभाळ, एवढंच. जमीनच नाही, तर अळंबी कुठून दिसणार? तरी तिला धीर होईना. शेवटी तिनं चारही फोटो संगणकावर आरशातल्यासारखे उलटे केले. डावीकडचं उजवीकडे. मला बोलावून विचारलं, कुठली जागा सांग. मी म्हटलं, “जंगल.” ती इतकी खूश झाली की मला केकचे दोन तुकडे मिळाले.

उद्घाटनाला गाव लोटलं, म्हणजे तेवीस माणसं. फोटो खरोखरच सुंदर दिसत होते. हिवाळ्यातल्या फोटोत दगडाच्या पाठीवर वीतभर बर्फ होता आणि त्यावर निळसर उजेड, दुपारी दोनला मावळणारा. लोक वेलदोड्याचा पाव खात त्यांच्यासमोरून जात होते. कुणी म्हणालं छान, कुणी म्हणालं थंडी आहे बुवा. इर्मेली खांबामागे उभी राहून मोजत होती, कोण किती वेळ थांबतं.

सगळ्यात जास्त वेळ राईली थांबली. काठीवर भार देऊन ती हिवाळ्याच्या फोटोपुढे उभी राहिली, चष्मा काढला, पुसला, घातला. मग मान न वळवता विचारलं, “इर्मेली, ही गाय उलटीकडे तोंड करून का बसलीय?”

इर्मेली बशी हातात घेऊनच खांबामागून बाहेर आली.

फोटो उलटा आहे हे ओळखायला गाय सुलटी पाहिलेली असावी लागते.

“तुला कुणी सांगितलं?” इर्मेलीनं विचारलं.

“आईनं. दवाखान्यात. मी तिची नखं कापत होते.” राईली अजून फोटोकडेच बघत होती. “म्हणाली, इर्मेलीला कळता कामा नये.”

इर्मेली जवळच्या खुर्चीवर बसली. चाळीस वर्षं जे गाठीशी बांधलं होतं, ते सासूनं दोन ठिकाणी बांधून ठेवलं होतं. राईलीचंही तेच झालं असावं. आईची खरी लाडकी आपणच, या समजुतीवर तिनंही चाळीस वर्षं भावजयीची पातळ कॉफी गोड मानून घेतली होती.

“म्हणजे तो एल्क,” इर्मेली हळूच म्हणाली.

“आणि तो ससा,” राईली म्हणाली. “कोवळी खाणारा.”

पुढच्या रविवारी राईली कॉफीला आली नाही. इर्मेलीनं केक केला होता, तो आम्ही दोघींनीच खाल्ला. मंगळवारीही इर्मेली फिरायला गेली नाही. मंगळवारी कॅमेरा खुंटीला लटकलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मार्चमध्ये दिवसा बर्फ वितळू लागला आणि पहाटे गोठू लागला. अशा काही सकाळी बर्फाच्या वरचा थर इतका टणक होतो की माणूस त्याच्यावरून फरशीवरून चालावं तसा चालतो, पाय आत जात नाही. रस्ता नको, पायवाट नको. दहा वाजले की संपलं. अशाच एका मंगळवारी इर्मेलीनं घसरगाडी बाहेर काढली. दोन लांब पट्ट्या, पुढे खुर्ची, मागे उभं राहून पायानं ढकलायचं. गळ्यात कॅमेरा होता. ती राईलीच्या दारात गेली आणि म्हणाली, “बस. तुझा गुडघा घरी ठेवायची गरज नाही.”

मी मागून चालत होते. राईली खुर्चीत कांबळं गुंडाळून बसली होती आणि वाटभर सूचना देत होती. डावीकडून घे. तुझी बस तू अशीच चालवायचीस का? इर्मेली धापा टाकत म्हणाली, बसमधली पुस्तकं तुझ्यापेक्षा हलकी होती, आणि गप्प बसायची.

गाय सुलट्या तोंडानं बसली होती. भोवती सपाट, पांढरा, कोरा बर्फ. राईली काठी टेकत उतरली, दगडाच्या पाठीवर तळवा ठेवून उभी राहिली. दोन वर्षांनी आली होती. खाली बघत ती म्हणाली, “इथे तर काहीच नाही. सशानं सगळं खाल्लं वाटतं.”

“एल्कची तब्येत बघ आणि मग बोल.”

इर्मेलीनं कॅमेरा उचलला. जनावरांचे फोटो ती काढत नाही, पण एक काढला. हसताना हात हलला, त्यामुळे तो धूसर आला आहे. तो प्रदर्शनात जाणार नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या मंगळवारी तिनं निम्मी अळंबी बादलीत भरून राईलीच्या पायरीवर ठेवली. दुपारीच फोन वाजला. राईलीचं म्हणणं होतं, देठांना माती फार आहे, आणि कोवळी तेवढी हिनं स्वतःकडे ठेवलीत.

इर्मेलीनं फोन ठेवला आणि कढईतली कोवळी अळंबी परतायला घेतली.