झाड वाढवायचं हाय

आमच्या धंद्याची पहिली गाडी कोणती घ्यायची हे एका क्रियापदाने ठरवलं, आणि त्याच क्रियापदापायी दिघीतलं एक जुनं जांभळाचं झाड जाता जाता राहिलं. क्रियापद अगदी रोजचं आहे. वाढवणे. आपण मराठी माणसं नारळ फोडत नाही, वाढवतो. आणि पगारही वाढवून मागतो. एकाच शब्दाला दोन उलट्या कामांना जुंपलं की कधीतरी घोळ होणारच, तो आमच्या वाट्याला आला.

धंदा म्हणजे झाडांची कामं. वाळक्या फांद्या उतरवणं, तारांना टेकलेला शेंडा कमी करणं, किडलेलं खोड साफ करणं, आणि अगदीच इलाज नसेल तर रीतसर परवानगी काढून झाड पाडणं. मी पूर्वी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. नवरा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होता. त्याला यंत्रं कळतात, मला झाडं कळतात. एकमेकांचं फारसं कळत नाही, तरी संसार आणि धंदा दोन्ही बरे चाललेत. गिऱ्हाइकासमोर मी त्याला अहो म्हणते, घरी अरे. त्याचं काही चुकलं की गिऱ्हाइकासमोरही अरे.

सामान आम्ही हळूहळू जमवलं. दोर आणि कमरेचा पट्टा घेताना नवरा इतका चिकित्सक झाला, की दुकानदाराला वाटलं हा माणूस तपासणीला आलाय. एकेक कडी ओढून बघितली, एकेक शिवण नखाने खरवडली. झाडावर तोच चढतो, त्यामुळे ते रास्तच होतं. पण चेन सॉच्या कपाटापाशी गेल्यावर त्याची सगळी चिकित्सा गळून पडली. सगळ्यात लांब पात्याच्या यंत्रासमोर तो असा उभा राहिला, की दुकानदाराने लगेच चहा सांगितला.

"आपल्याला जंगल साफ करायचंय का?" मी विचारलं.

"मोठं असलेलं बरं असतं," तो म्हणाला.

हे त्याचं यंत्रांविषयीचं सगळं तत्त्वज्ञान आहे. शेवटी झाडावर न्यायला एक छोटा आणि खाली ओंडके करायला एक मध्यम, असे दोन घेतले. मोठ्याकडे तो दुकानातून निघताना वळून बघत होता.

मग गाडीची पाळी आली. तोवर आम्ही भाड्याच्या टेम्पोवर भागवत होतो, आणि त्या टेम्पोचा ड्रायव्हर नेमका फांद्या भरायच्या वेळेला चहाला जायचा. स्वतःची गाडी हवी यावर आमचं एकमत होतं. कोणती, यावर मात्र घरात असं काही पेटलं, की पोळीला तूप लावतानाही अ‍ॅक्सलवर चर्चा व्हायची.

दर रविवारी आम्ही कासारवाडीहून चाकणला जुन्या गाड्या बघायला जायचो. तिथे एका पत्र्याच्या शेडबाहेर गाड्या ओळीने उभ्या असायच्या आणि त्यांचा दलाल प्रत्येकीची ओळख नात्यातल्या उपवर मुलीसारखी करून द्यायचा. पहिली दाखवली ती कांद्याची पिकअप. बाजारात खेपा मारून मारून निवृत्त झालेली. हौदा भक्कम, टायर ठीक. मी केबिनचं दार उघडून आत बसले आणि माझे डोळे पाणावले.

"वहिनींना लई आवडली," दलाल म्हणाला.

दुसरा होता छोटा हत्ती. गल्लीबोळात शिरणारा, गरीब चेहऱ्याचा, एका बाजूचा आरसा गेलेला. मला तो बघताक्षणी पटला. आमची निम्मी कामं दिघी, भोसरीच्या आतल्या गल्ल्यांत असतात, तिथे दोन स्कूटी समोरासमोर आल्या तरी एकीला माघार घ्यावी लागते. हे मी नवऱ्याला सांगत होते, पण तो शेजारी नव्हता. तो शेडच्या मागे गेला होता आणि तिथून त्याने मला हाक मारली. त्या आवाजातच मला कळलं की आपण हरलो.

तिथे पाळण्याची गाडी उभी होती. रस्त्यावरचे दिवे दुरुस्त करायला येते तसली, ट्रकवर घडीचा लोखंडी हात आणि हाताच्या टोकाला माणूस उभा राहील असा पाळणा. नवरा त्या पाळण्यात आधीच चढून बसला होता. दलालाने खटका ओढला आणि माझा कर्ता नवरा शेडच्या पत्र्याच्या वर गेला. वरून त्याला म्हणे हायवेवर कंपन्यांच्या बसेस दिसत होत्या. खाली आला तेव्हा त्याचा चेहरा जत्रेतून परतलेल्या माणसासारखा झाला होता.

"दोर नको, चढणं नको. माझे गुडघे वाचतील," तो म्हणाला. हे मात्र खरं होतं.

दलाल बेरकी होता. म्हणाला, "राव, एक दिवस कामावर नेऊन बघा. पसंत पडली तर बोलू." एकच दिवस मिळणार होता, तो त्याने ठरवून दिला. आता त्या दिवशी पाळण्याला शोभेलसं मोठं काम हवं होतं. आणि दिघीहून फोन आला.

फोन नवऱ्याने घेतला आणि स्पीकरवर टाकला. आवाज वयस्क बाईचा होता. "मी दिघीवरनं बोलती. आमचं जांभळाचं झाड हाय. ल्येकानं अर्ज केला हुता, त्याचा कागद आलाय. आता ते वाढवायचं हाय. लवकर या."

"झाड वाढवायचंय?" फोन ठेवल्यावर मी म्हणाले. "खतपाणी हवं असेल त्यांना."

नवरा माझ्याकडे दयेने बघत राहिला. त्याच्या वडिलांचं मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी किराणा दुकान होतं. रात्री शटर ओढताना कुणी 'दुकान बंद कर' म्हणालं तर वडील भडकायचे. दुकान बंद होत नसतं, वाढवायचं असतं. या संस्कारात वाढलेल्या माणसाला वाढवणे म्हणजे काय हे मी शिकवणार होते का? "जुनी माणसं आहेत," तो म्हणाला, "दारचं झाड पाडा असं तोंडाने कसं म्हणतील? आणि खतपाणी घालायला चेन सॉवाल्यांना कोण बोलावतं?"

हा मुद्दा बिनतोड होता. वर आजींनी शेजारच्या कुणाकडून तरी कागदाचा फोटो पाठवला. झाड पाडायची परवानगी, शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. एरवी मी आधी जाऊन झाड बघते आणि मगच हो म्हणते. पण पाळणा एका दिवसाचा पाहुणा होता. आम्ही हो म्हणून टाकलं.

त्या सकाळी आमची वरात निघाली. पुढे पाळण्याची गाडी, तिच्या ड्रायव्हरशेजारी नवरा. मागे स्कूटीवर मी, पायांत दोराचं वेटोळं. भोसरीच्या गर्दीत लोक वाट देत होते, तेव्हा नवरा खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांचे आभार मानत होता. त्याला इतकं खूश मी आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं.

दिघीत आजींच्या गल्लीच्या तोंडाशी ही खुशी संपली. गल्लीत वळताना ट्रकचं नाक आत गेलं आणि ढुंगण बाहेर राहिलं. एका बाजूला गिरणीचा ओटा, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. क्षणात गल्लीतले सगळे पुरुष बनियनवर बाहेर आले आणि "येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडं" सुरू झालं. डावं कुणाचं यावर दोन तट पडले. ड्रायव्हरने मागेपुढे करत ओट्याचा कोपरा उडवला. गिरणीवाल्याने पीठ भरल्या हातांनी चाव्या काढून घेतल्या आणि ओटा नीट करून देईपर्यंत गाडी हलणार नाही म्हणून जाहीर केलं. सकाळची दुपार झाली.

शेवटी वैतागून नवरा म्हणाला, "चल, चालत जाऊ. दोर लावून वरूनच पाडत आणतो." त्याने चेन सॉ खांद्यावर टाकला आणि आम्ही आत गेलो.

दोन इमारतींच्या मधल्या चिमुकल्या परसात ते जांभूळ उभं होतं. जुनं, रुंद, एक जाडजूड फांदी शेजारच्या पत्र्यावर झुकलेली. बुंध्याशी नऊवारीतल्या आजी बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे शेणखताचं घमेलं, ताकाचं भांडं आणि हळदीची पुडी मांडलेली होती. मला वाटलं, झाड पाडायच्या आधी त्याची माफी मागायची पद्धत असेल. मी हात जोडले. नवऱ्याने बुंध्याला दोराचा वेढा घातला, गॉगल डोळ्यांवर ओढला आणि सॉ चालू करायला दोरी धरली.

"आवशीद कंचं घालणार?" आजींनी विचारलं.

नवऱ्याने गॉगल वर केला. "औषध? आजी, वाढवायचंय ना?"

"व्हय. वाढवायचं हाय. अजून माझ्यामागं धा-वीस वरीस तरी उभं ऱ्हायला पायजे."

नवऱ्याच्या हातातली दोरी तशीच राहिली. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. ट्रक गल्लीत शिरला असता तर आजी ताक घुसळेपर्यंत वरचा अर्धा शेंडा खाली आला असता.

"मग तो कागद?" मी विचारलं.

"त्येच्यासाठीच तर बोलावलं," आजी म्हणाल्या. "ल्येक वाकडला ऱ्हातो. त्याला भ्या वाटतं, वाऱ्यात झाड आईच्या अंगावर पडंल. म्हनून पाडायचा कागद आणला. मी म्हनलं, झाडाचं दिस वाढवणारं बी कुणी आसंल की." मग त्यांनी बुंध्यावर हात ठेवला. "हितनं आमचा बांध जायचा. तिकडं ज्वारी, हिकडं हरभरा. आता शेत न्हाई, बांध न्हाई. आमचं कुठवर हुतं ह्ये सांगायला ह्ये एकलंच हाय."

मी झाडं बघायला जाते तेव्हा खोड, साल, कीड बघते. त्या दिवशी पहिल्यांदा परसातल्या फरशीवर मला बांध दिसला. सॉ मी नवऱ्याच्या हातातून काढून घेतला आणि लाकडी हातोडी काढली. सगळं खोड ठोकून बघितलं. आवाज भरीव होता. फक्त झुकलेल्या फांदीच्या बेचक्यात पोकळी होती. फांदीचं वजन कमी करून तिला खालून आधार दिला, तर झाडाला काही धाड भरली नव्हती. मी तसं सांगितलं. आजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा, वाढते."

"आता हे कोणतं?" नवरा घाबरून माझ्या कानात म्हणाला. ते पिठलं-भाकरीचं होतं.

पुढचं काम मात्र सरळ झालं. छाटणीची परवानगी मी काढली, तोवर नवऱ्याने घराखालच्या पार्किंगमध्ये लोखंडी पाइपचा टेकू बनवला. वर फांदी बसेल अशी खोबण, आणि सालीला इजा होऊ नये म्हणून तिला कारखान्यातल्या जुन्या पट्ट्याच्या रबराचं अस्तर. टेकू बनवताना तो शीळ घालत होता. लांब पातं नाही, पाळणा नाही, तरी शीळ. कामाच्या दिवशी तो दोरावरून वर गेला, गुडघ्यांबद्दल चकार शब्द न काढता. आजींचा मुलगा वाकडहून हाताची घडी घालून बघायला आला. त्याने टेकू आधी हलवला, मग ढकलला, मग आम्हाला न विचारता त्याला सरळ लोंबकळला. जांभूळ जागचं हललं नाही. खाली उतरून तो आईला म्हणाला, "बरं. राहू दे." आजींनी त्याच्याकडे न बघता पदराने डोळे पुसले.

गाडी छोटा हत्तीच घेतली. नवरा अजूनही सांगतो की झाड त्याच्या पाळण्यामुळे वाचलं, कारण छोटा हत्ती असता तर सकाळीच आत शिरला असता. हे खरं आहे आणि ते मला फार खुपतं.

नवी म्हणजे जुनीच गाडी पहिल्यांदा कुठे न्यायची हे बोलावं लागलं नाही. आम्ही दिघीला गेलो. गिरणीवाला आपल्या नव्या ओट्यावर येऊन उभा राहिला, पण छोटा हत्ती त्याच्यासमोरून थेट आजींच्या परसापर्यंत गेला. आजींनी गाडीला कुंकू लावलं, हातात नारळ घेतला आणि नवऱ्याकडे बघून विचारलं, "वाढवू न्हवं?"

किराणा दुकानदाराच्या त्या मुलाने इकडेतिकडे बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द त्याने उच्चारला. "फोडा, आजी. फोडाच. नीट कळू दे."

"आसं आभद्र बोलू न्हाई," आजींनी त्याला दटावलं. आम्ही चाकापाशी दगड ठेवला होता. तो सोडून त्या दोन पावलं पुढे गेल्या आणि टेकूच्या पायथ्याशी नारळ आपटला. पाणी जांभळाच्या मुळाशी ओतलं, खोबऱ्याची एक वाटी माझ्या हातात दिली आणि झाडाला म्हणाल्या, "वाढ आता."