सील येईपर्यंत

कोर्टात बेलीफ म्हणून नोकरी केलेल्या माणसाला एक कान जादा असतो. समन्सं घेऊन मी महाड-पोलादपूरच्या गावोगाव हिंडलो, आणि 'मालक घरात नायत' हे वाक्य इतक्या सुरांत ऐकलं की दाराआड कोणी उभं आहे की खरंच घर मोकळं आहे, हे मला उंबऱ्यावरूनच कळायला लागलं. खोटं बोलणारा माणूस हातातलं काम सोडत नाही. भांडी घासत असेल तर जास्त जोरात घासतो. खरं बोलणारा काम बाजूला ठेवून तुमच्याकडे बघतो, वर पाणी हवं का विचारतो.

निवृत्त झाल्यावर या कानाचा काही उपयोग उरला नव्हता. तो पुन्हा उपयोगी पडला तो माझ्याच मोटरसायकलच्या बाबतीत.

गाडी जुनी आहे. पुराच्या पाण्यात एकदा अख्खी बुडून निघाली. इंजिन वाचलं, पण पुढच्या शॉकअपच्या चकचकीत पाइपांवर गंजाचे बारीक ठिपके धरले. शॉकअपमध्ये तेल असतं आणि ते बाहेर येऊ नये म्हणून पाइपाभोवती रबराचं एक कडं घट्ट बसवलेलं असतं, त्याला ऑईल सील म्हणतात. गाडी खड्ड्यात आपटली की पाइप या कड्यातून खालीवर होतो. पाइप खरखरीत झाला असेल, वर चिखल वाळून बसला असेल, तर सील झिजतं आणि तेल पाझरू लागतं. आमच्याकडे खड्डेही भरपूर आणि चिखलही भरपूर, तेव्हा सीलला दोष देण्यात अर्थ नाही. माझ्या गाडीचं नेमकं ब्रेकच्या बाजूचं सील गेलं. तेल ओघळून डिस्कवर यायला लागलं. तेल लागलेला ब्रेक दाबला काय आणि न दाबला काय, सारखंच.

मी या गाडीने दर रविवारी बहिणीकडे जातो. पोलादपूर सोडलं की कशेडीच्या जुन्या घाटरस्त्याला एक फाटा लागतो, तिथून आत चढावर तिचं गाव. ती माझ्याहून बरीच मोठी. मी तिला बाय म्हणतो. मुलं मुंबईला, नवरा जाऊन वर्षं झाली, आणि गाव सोडून खाली यायचं नाव ती काढत नाही. मी बाजारातून सुकट, बोंबील, तिच्या गोळ्या असं काहीबाही घेऊन जातो. ती जेवायला वाढते आणि माझ्या चुका काढते. मी अंगाने सुटलोय, मी सुनेला फोन करत नाही, मला अजून भात कालवता येत नाही. माझी बायको गेली, बरोबरीचे एकेक करून गेले, आणि आता मला 'अरे' म्हणणारं हे एकच माणूस उरलं आहे. बाकी सगळ्यांचा मी बाबा, आजोबा, नाहीतर साहेब. रविवार चुकला की माझा आठवडा बेचव जातो. हे मी कोणाजवळ बोलत नाही, पण आहे ते असं आहे.

पावसाळा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. तिच्या गावाच्या अलीकडे डोंगराची एक सोंड रस्त्यावर आली आहे. त्या वळणावर ब्रेक लागला नाही आणि मी गाडीसकट गटारात गेलो. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. ओढ्यावर कपड्यांचा चिखल धुतला आणि वर जाऊन बायला सांगितलं की पंक्चर झालं होतं. तिने ताक पुढे ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी गाडी हळूहळू गॅरेजला नेऊन लावली.

गॅरेजवाला बायच्याच गावचा. गावच्या नात्याने तो तिला काकी म्हणतो, म्हणून मी त्याचा मामा. महाडात दुसरे मेकॅनिक आहेत, पण गावचा माणूस फसवणार नाही या हिशेबाने मी इतकी वर्षं त्याच्याकडेच जातो. त्याने पुढचं चाक काढलं, शॉकअप काढले, गाडी लाकडाच्या ओंडक्यावर टेकवली आणि म्हणाला, "सील गेलंय मामा. शनवारपर्यंत देतो."

शनिवारी गेलो तर म्हणाला, "सील नाय आलं." पुढच्या खेपेला सील आलं होतं, पण चुकीच्या मापाचं. त्यापुढच्या खेपेला सील बरोबर होतं म्हणे, पण पाइप पॉलिशला पनवेलला गेला होता. मी गुडघा चोळत घरी येत होतो. एसटीने पोलादपूर, तिथून रिक्षाने फाटा, आणि मग तो चढ, हे त्या गुडघ्याने जमणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दर वेळी वाटायचं, आता चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

एका खेपेला मात्र माझा कान जागा झाला. मी विचारलं, "पाइप आला काय रे?" तो दुसऱ्या कुठल्या गाडीची साखळी साफ करत बसला होता. वर न बघता म्हणाला, "येल मामा, येल," आणि ती साखळी ब्रशने अशी खसाखसा घासायला लागला की जणू तिने त्याचं काही वाकडं केलं होतं. मी तिथे उभा राहून ते बघत राहिलो. सगळी हयात मी असल्या दारांत उभा राहिलो होतो. सील आलेलं होतं, पाइप कुठे गेलेला नव्हता, आणि याला कोणीतरी गप्प राहायला सांगितलं होतं.

मुलगाच, दुसरं कोण? तो पनवेलला असतो. 'बाबा, आता गाडी बस झाली' हे त्याचं पालुपद. मी रात्री जेवण झाल्यावर त्याला फोन लावला आणि सरळ विचारलं.

"मी कशाला सांगू त्याला?" तो म्हणाला. "मला सांगायचं असतं तर तुम्हालाच सांगितलं असतं, आणि तुम्ही ऐकलं नसतं. सांगून सांगून मी कधीच थकलोय बाबा."

यात खोटं काही नव्हतं. मी माफी वगैरे मागितली नाही, नातवाची चौकशी करून फोन ठेवला.

गुडघा बरा झाल्यावर एका रविवारी मी एसटीने निघालो. फाट्यावर रिक्षावाल्याने उतरवलं आणि मी बोंबलांची पिशवी घेऊन चढ चढू लागलो. महामार्गाला बोगदा झाल्यापासून जुन्या घाटात फारसं कोणी येत नाही. पूर्वी इथे ट्रकांच्या हॉर्नने बोलणं ऐकू यायचं नाही, आता पाखरांचा आवाज येतो. मी दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसण्याआधी घर आलं.

बाय ओटीवर सुपात वाल सोलत बसली होती.

"चालत आलास?" तिने विचारलं.

"गाडी कुठं हाय? सील येत नाय म्हणे त्याचं," मी म्हणालो. तिच्याशी बोलताना माझी भाषा आपोआप गावावर जाते.

"येल की," ती म्हणाली, आणि वाल भराभर सोलायला लागली. तिची बोटं आता वाकडी झाली आहेत, एरवी एकेक दाणा निवांत काढते. सालं सुपात आणि वाल खाली पडायला लागले.

मी पिशवी खाली ठेवली. "बाय, तू सांगितलंस काय त्याला?"

तिने सूप बाजूला केलं. नजर वर केली.

"हा. मीच सांगितलं. गणपतीला आला होता घरी, म्हणाला मामाची गाडी खोललीय. बोलले मी त्याला, माझ्या भावाची गाडी तशीच खोलून ठेव नि जोडू नको."

मला राग आला. तो कमी करून सांगण्यात अर्थ नाही, मला भयंकर राग आला. मुलाने केलं असतं तर मी समजू शकलो असतो. मी ज्या माणसासाठी गाडी बाहेर काढतो त्यानेच ती खोलून ठेवायला सांगावी? कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं. मी तिला म्हणालो, मी काय लहान आहे, मला विचारायचं होतं, आणि असंच बरंच काही. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग ती म्हणाली, "पूर्वी ट्रकांच्या आवाजात तुझी गाडी कळायची नाय. तू एकदम दारातच यायचास. बोगदा झाला नि रस्ता गप झाला. आता तू फाट्यावर वळलास की मला हितं कळतं. मग त्या सोंडेच्या मागं आवाज जातो. नि मी बसते वाट बघत, कधी परत येतोय. दर इतवारी. त्या दिवशी गेला तो आलाच नाय. मी अंगणात उभी. नि मग तू आलास नि म्हणतोस पंक्चर. धुतलेल्या पँटला गुडघ्यावर रगत होतं तुझ्या."

माझा हात आपोआप गुडघ्यावर गेला.

"नको येऊस," ती म्हणाली. "तुला बघितलं नाय तरी चालंल मला. तू हायस, एवढं कळलं की बास."

मग तिने जेवायला वाढलं. भात नीट कालव असं त्या दिवशी ती म्हणाली नाही, आणि मला ते जेवण गेलं नाही.

सोमवारी सकाळी गॅरेजवर गेलो. "बायला भेटून आलो," एवढंच म्हणालो. तो कानापर्यंत लाल झाला. खण उघडून त्याने नव्या सिलांची पुडी काढली. पाकिटावर धूळ बसली होती. "काकीला नाय कसं म्हणणार मामा," तो पुटपुटला. मी म्हणालो, "नकोच म्हणू. आता जोड."

मी बाकड्यावर बसून बघत राहिलो. त्याने शॉकअप उलटा धरला तसं करडं, कुजकट वासाचं तेल डब्यात पडलं. स्क्रू-ड्रायव्हरने जुनं सील उचकटून काढलं. आतली कडा एका बाजूला पार फाटली होती. पाइपावरचे गंजाचे ठिपके त्याने बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासले, मग नख फिरवून बघितलं, पुन्हा घासलं. नव्या सीलला तेल लावून ते पाइपावरून हलक्या हाताने उतरवलं आणि जुन्या पाइपाचा तुकडा वर ठेवून ठोकत ठोकत जागेवर बसवलं. नवं तेल मापाने भरलं. डिस्क पेट्रोलने पुसली, पॅड नवे टाकले. दुपारपर्यंत गाडी उभी होती. मी हँडल धरून पुढचा भाग दाबून दाबून बघितला, पाइप कोरडा.

आता गाडी होती आणि जायचं की नाही हा प्रश्न होता. न जाणं मला जमणार नव्हतं. आणि ती तशी ओटीवर कान लावून बसणार, हे कळल्यावर जाणंही अवघड झालं होतं. आठवडाभर विचार करून मी एक तोड काढली. गाडी फाट्यावर चहाच्या टपरीशी लावायची आणि चढ पायी जायचा. गाडी वळणावर येणारच नाही, मग तिला घोर कसला? माझ्या हुशारीवर मी खूश होतो. तिला आधी कळवायचं म्हटलं तर तिच्या घरात रेंज नाही, आणि कळवायचं काय त्यात, गेल्यावर सांगू.

रविवारी निघालो. ब्रेक लोण्यासारखा लागत होता. फाट्याला वळून टपरीशी गाडी बंद केली, कुलूप लावलं, चहा घेतला, टपरीवाल्याशी दोन शब्द बोललो आणि पिशवी घेऊन रमतगमत वर निघालो.

सोंडेच्या वळणावर पोचलो तर समोरून बाय येत होती.

जी बाई देवळापर्यंत जायचं तर दोनदा विचार करते, ती उतारावरून अनवाणी येत होती. एका हाताने डोंगराच्या दरडीला धरत, पदर सुटलेला. गटाराकडे वाकून बघत होती. मला बघून ती जागच्या जागी थांबली. मग रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसली. मी धावत गेलो.

"गाडी?" तिने विचारलं. तिचा श्वास पुरत नव्हता.

"फाट्यावर लावली. म्हटलं, तुला भ्या नको."

"आवाज वळला नि बंद झाला," ती म्हणाली. "किती वेळ झाला. बंदच."

मी तिच्या शेजारी बसलो. तिच्या पायाला खडे टोचून रक्त आलं होतं. मी रुमाल काढून पुसायला लागलो तर तिने पाय ओढून घेतला, मग पुन्हा पुढे केला. खाली घाटात एक टेम्पो चढत होता, त्याचा आवाज जाईपर्यंत ती कान देऊन ऐकत राहिली. मला वाटलं, आता ती पुन्हा म्हणेल, येऊ नकोस. आणि ती म्हणाली असती तर त्या पायांकडे बघून मी हो म्हटलं असतं.

तिने माझ्या खांद्याला धरलं आणि उठली.

"गाडी वर आणत जा रे, पार दारापर्यंत," ती म्हणाली. "तू येत जा. मी भीत जाईन."