शेतकरी क्रमांक सात

माझी पीएचडी झाली हे तुम्हाला माहीतच आहे. प्रबंधाची बांधलेली प्रत द्यायला आज देडतलाईला दशरथकाकांकडे गेले होते. केळीवरच्या करपा रोगाचा माझा अभ्यास चार वर्षं त्यांच्याच बागेत चालला.

काकांनी हात धुऊन प्रत घेतली आणि नातीला म्हणाले, "यात माह्यं नाव कुठं हाय, दाखव."

सगळं इंग्रजीत. नाव कुठेच नव्हतं. मी सांगितलं, संशोधनात नावं देत नाहीत, तुम्ही 'शेतकरी क्रमांक सात' आहात.

"नाव लपवायले मी का चोरी केली व्हती?"

मग त्यांनी विचारलं, यातून निघालं काय. मी म्हटलं, करपलेली पानं वेळीच कापून बागेबाहेर टाकावीत.

"हे तर मीच तुले पहिल्या दिवशी सांगेल व्हतं."

खरं होतं. मी ते मोजून सिद्ध केलं, म्हणून मी डॉक्टर झाले.

मी निघताना नातीने पेनाने सातच्या आकड्यापुढे आजोबांचं पूर्ण नाव लिहिलं. मी अडवलं नाही. विद्यापीठातल्या प्रतीत मात्र ते सातच आहेत.

पीएचडी केलेल्यांना विचारते, तुमचा क्रमांक सात कोण होता? आणि त्याच्याकडे परत गेलात का?