‘क्लीन’ नावाचं फंक्शन

आज संगणकावर एका तयार लायब्ररीतल्या, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या संचातल्या, फंक्शनची माहिती मागवली, तर पडद्यावर एक ओळही नाही. सिल्वासाजवळच्या मसाटमधला, वितळलेल्या प्लास्टिकचा वास मारणारा आमचा कारखाना आठवला.

नव्वदच्या दशकात तिथे मी अशाच बाहेरून आणलेल्या लायब्ररीवर प्रोग्रॅम लिहीत होते. कुठलं फंक्शन काय करतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. फाइल नीटनेटकी होईल म्हणून ‘क्लीन’ चालवलं, तर तिच्यातली प्लास्टिकच्या साच्यांची सगळी मापं पुसली गेली.

“ताई, दोन सालची मेहनत गेली ना!” मशीनवरचे धुळ्याचे आत्मारामभाऊ कळवळले. मापं त्यांनीच जमवली होती.

ती लायब्ररी लिहून विकणाऱ्याला मी फोन लावला, तर तो हसला, “मॅडम, नावावरून कळत नाही?”

“सॉरी,” म्हणून मी फोन ठेवला. माहिती न लिहिता काम त्यानं अर्धवट सोडलं आणि सॉरी मी म्हणाले, या विचारानं अजून अंगाची लाही होते.