भिंतीपलीकडचा हुकूम

केसरबाई आमच्या चाळीत शेजारी राहायच्या. गिरणीत वाइंडिंग खात्यात होत्या. लहान कांड्यांवरचं सूत मोठ्या, शंकूसारख्या कोनांवर भरायचं काम. तुटल्या धाग्याला बोलता बोलता गाठ मारायच्या, खाली बघायच्यासुद्धा नाहीत. अठ्ठ्याहत्तर साली फाटकावर नोटीस लागली. मी शाळामास्तर, म्हणून वाचायला केसरबाईंनी मला ओढत नेलं. वाइंडिंग खातं तोट्यात आहे, सुधारणा झाली नाही तर बंद करू, असा मजकूर.

बायकांनी सरळ अर्थ लावला, की आपण कामात कमी पडतो. झालं! दुपारची मिश्री बंद, गप्पा बंद. महिनाभर खाली मान घालून सगळ्याजणी कोन भरत राहिल्या. ढीग लागले. केसरबाईंची बोटं सुतानं कापली. महिनाअखेरीला साहेब म्हणाले, तोटा आहे तिथंच आहे.

"गुरुजी, हात त्येच, सूत त्येच, काम दीडपट. मग तोटा शिरतो कुटनं वो?"

मला काय कपाळ कळणार! सातवीला नफा-तोटा शिकवायचो, पण तो आंबेवाल्याचा. इथं आंबेच दिसेनात. उत्तर येत नाही म्हणून मी त्यांच्यावरच खेकसलो.

तेवढ्यात कळलं, शेजारच्या गिरणीत खर्चाचे हिशेब तपासणारा कॉस्ट ऑडिटर आलाय. दोन्ही गिरण्यांत एकच भिंत. संध्याकाळी आम्ही त्याला फाटकाशी गाठलं. माणूस सभ्य होता.

"कुठला खर्च कुठल्या खात्यावर टाकलाय ते मी तपासतो," तो म्हणाला. "बॉयलरचा कोळसा, मालकाच्या बंगल्याची वीज भलत्याच खात्याच्या नावावर टाकली, की ते खातं तोट्यात दिसतं."

केसरबाई बघतच राहिल्या. "बंगल्याची वायर आमच्याच खात्यातनं गेलीया की! या की तिकडं. भितच तर हाय मधी."

"नाही येता येणार, बाई. सरकारचा हुकूम याच गिरणीला आहे."

"म्हंजे भितीच्या ह्या अंगाला इचारायचं, आन् त्या अंगाला न्हाय?"

तो चालायला लागला. माझं मात्र डोकं फिरलं. वजनं तपासणारा बाजारात आला की एक दुकान बघून शेजारचं सोडतो का? ज्या तोट्याच्या नावाखाली बायका घरी बसवणार, तो तोटा खरा की खोटा हे प्रत्येक गिरणीत तपासायलाच हवं! भर रस्त्यात मी ओरडलो. तो म्हणाला, "मला नका सांगू, दिल्लीला कळवा." दिल्लीला अर्ज केला. उत्तर आलं नाही.

दिवाळीआधी खातं बंद झालं. बंगल्याची वीज खरंच त्या खात्यावर पडत होती का, कोण जाणे. केसरबाईंनी पदरचं होतं ते मोडून घर चालवलं. शेवटी शेजारच्या गिरणीनं त्यांना बदलीवर, म्हणजे कुणी गैरहजर असेल त्या दिवसापुरतं, घेतलं.

पहिल्याच दिवशी सुटल्यावर त्या तडक माझ्या दारात आल्या. मला वाटलं, पेढे आणले असतील. पण चेहरा पार गोंधळलेला.

"गुरुजी, आमच्या जुन्या गिरणीचंच सूत आलंया तितं भरायला. ट्रकातनं, भितीला वळसा घालून. ट्रकाचं भाडं येगळं, भराईची मजुरी येगळी, दोनी जुनी गिरणीच देतीया." त्या पायरीवर टेकल्या. कापलेली बोटं पुढं धरून म्हणाल्या, "ह्याच हातानं हेच सूत भितीच्या त्या अंगाला भरलं, तवा मी तोट्यात हुते. मग आज मी कशात हाय?"