माझा नियम यावलच्या केळीत चुकला

‘हे जाळं तुम्ही स्वतः जाऊन पाहिलंय का?’ माझं काम तपासणाऱ्या एका गृहस्थांच्या मेलमध्ये एवढा एकच प्रश्न होता आणि त्याचं खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी मी पुण्याहून धुळ्याची बस पकडली.

आधी थोडं कामाबद्दल. मी राउटिंगचे नियम लिहिते. इंटरनेटवरचा निरोप एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाताना कुठल्या वाटेनं जाईल, हे ठरवणारे नियम. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचं एकमेकांशी जमावं म्हणून जगभरातली माणसं कार्यगटात बसून ते पक्के करतात, म्हणजे बहुतेक वेळ मेलवर वाद घालतात. माझा मसुदा नव्या प्रकारच्या जाळ्यांसाठी होता. यात टॉवर नाही, मधलं ऑफिस नाही. शेतातल्या खांबांवर छोटे रेडिओ डबे, आणि प्रत्येक डबा शेजारच्याचा निरोप पुढे पोचवतो. धुळ्याच्या महाले सरांनी यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात माझ्या नियमांवर चालणारे असे वीसेक डबे बसवले होते. घरी बसून पाण्याची मोटार चालू-बंद करायला गावकरी ते वापरत. कुठला डबा कधी बोलला याच्या सरांनी पाठवलेल्या नोंदी बघत मी पुण्यात दोन वर्षं मसुदा लिहिला. कार्यगट तो स्वीकारणार की बाजूला ठेवणार, ते पुढच्याच आठवड्यातल्या बैठकीत ठरणार होतं.

पुणे-धुळे प्रवासात अख्खा दिवस जातो. रस्ता चांगला आहे, पण दुपारचं ऊन डिसेंबरातही ज्या बाजूच्या खिडकीत येतं ती जागा टाळा. मी टाळली नाही. सर पांझरा नदीपलीकडे देवपुरात राहतात. कॉलेजात शिकवतात, पन्नाशीचे आहेत आणि बोलताना समोरच्याच्या ताटात काय संपलंय यावर त्यांचं बारीक लक्ष असतं. रात्री त्यांनी शेवभाजी खायला नेलं. दोनशेच्या आत दोघांचं पोटभर झालं. ‘तिखट कमी’ असं सांगितल्यावर वाढणारा नुसता हसला, त्यावरून काय ते समजा.

जेवताना आम्ही आमच्या लाडक्या कोड्यावर बोललो. केळीच्या बागेतला सात नंबरचा डबा रोज दुपारी बाराच्या सुमारास गप्प व्हायचा आणि चारनंतर परत बोलायला लागायचा. सरांनी त्याची बॅटरी दोनदा बदलली होती. मी त्यावरून ‘दुपारी झोपणारे डबे’ या विषयावर मसुद्यात दोन पानांचं प्रकरण लिहिलं होतं. मला ते फार आवडायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच एसटीनं अमळनेर, तिथून चोपडा, मग यावल. थेट गाड्या कमी आहेत, पण बदलत जाण्यात मजा आहे. धुळ्याच्या स्टँडवर कंडक्टरनं “कोठे जानं शे?” विचारलं, मग सगळ्या गाडीला “बठ्ठा मांगे सरका” म्हणाला. तापी ओलांडून चोपड्याच्या पुढे गेलो तसा तो ‘शे’ मागे पडला आणि ‘हाये’ ऐकू यायला लागलं. कापसाच्या पऱ्हाट्या संपून दोन्ही बाजूंना केळी सुरू झाली. इतकी हिरवी की डोळ्यांना थंड वाटत होतं.

सात नंबरचा डबा कमलअक्कांच्या बागेत आहे. अक्का साठीच्या, सडपातळ, आवाज मात्र पार बांधापलीकडे जाणारा. आम्ही पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. चहा झाल्यावर त्या उठल्या, “आलीच मी” म्हणाल्या आणि बागेकडे निघाल्या. आम्हीही मागोमाग गेलो. त्या खांबापाशी थांबल्या, हात वर केला आणि डब्याचं बटण बंद केलं.

मी सरांकडे पाहिलं. सर खांबाकडे पाहत होते.

“अक्का, हे तुम्ही रोज करता?” सरांनी विचारलं.

“रोजच. चार वाजले का पुन्हा चालू करते. नाही त संध्याकायी बॅटरी मरते. एकदा मोटार बंदच झाली नाही. रातभर पानी वाह्यलं आन् शेजारच्याचा हरभरा बुडाला. दोन महिने बोलला नाही तो.”

“पण मला का नाही सांगितलं?”

“इचारलं कोनं?”

माझं दोन पानांचं प्रकरण तिथेच, केळीच्या खुंटाशी संपलं. डबा झोपत नव्हताच.

मग मी अक्कांना बटण पुन्हा चालू करायला सांगितलं आणि आम्ही लॅपटॉप घेऊन बांधावर बसलो. बाराला वारं सुटलं. केळीची मोठाली, पाण्यानं भरलेली पानं हलायला लागली, आणि पान आडवं आलं की ‘आहेस ना?’ म्हणून शेजारच्या डब्याला जाणारी हाक अडू लागली. माझा नियम असा होता: शेजाऱ्यानं तीन हाकांना उत्तर दिलं नाही, तर तो गेला असं धरा आणि सगळ्या जाळ्याला कळवा. त्यामुळे सात नंबर दर मिनिटाला ‘शेजारी गेला’ म्हणून बोंब मारत होता, पान बाजूला झालं की ‘शेजारी आला’ म्हणून. वीस डबे दुपारभर तेच एकमेकांना सांगत होते. बॅटरी मरणार नाही तर काय होणार?

मी अक्कांना हे समजावून सांगितलं, जरा ओशाळूनच. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

“शेजारनीनं तीन हाका नाही ऐकल्या त तिले मेली समजतं का कोनी?” त्या म्हणाल्या. “मांगच्या अंगनात असंल. जरा थांबाव, पुन्हा हाक माराव. आन् गावभर कायले सांगाव?”

सरांनी डोक्यावरची टोपी काढून परत घातली. मी तेवढ्यात वहीत लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी सरांनी डब्यांमधला प्रोग्राम बदलला: शेजाऱ्याची जास्त वेळ वाट पाहायची आणि फक्त त्याच्या आसपासच्यांना कळवायचं. अक्कांनी भरीत केलं. पऱ्हाट्यांवर भाजलेली हिरवी वांगी, लाकडी भांड्यात ठेचलेली, सोबत ज्वारी-उडदाच्या पिठाची कळण्याची भाकरी आणि कांद्याची पात. हिवाळ्यात या भागात आलात आणि भरीत न खाता परतलात, तर येणं फुकट गेलं. मला मात्र घास गोड लागत नव्हता. नवा नियमही फसला असता, तर बैठकीत दाखवायला हातात काहीच उरणार नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बटणाला कोणी हात लावला नाही. दुपारी वारं कालच्यापेक्षा जोरात होतं. अक्का दोनदा खांबाकडे निघाल्या आणि दोनदा स्वतःच परत फिरल्या. पाच वाजता त्यांनी ओट्यावर बसून मोबाइलवर मोटार बंद करायचा निरोप पाठवला. आम्ही तिघं कान देऊन बसलो. बागेतून पाण्याचा आवाज येत होता. मग तो बारीक झाला आणि थांबला.

“गेला निरोप,” अक्का म्हणाल्या, आणि हसल्या; त्यांचे पुढचे दोन दात पडलेत, हे आम्हा दोघांनाही तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

यावलहून भुसावळ जवळच आहे. तिथून पुण्याला गाड्या मिळतात, पण आरक्षण आधी करून ठेवा. मी केलं नव्हतं, त्यामुळे जळगाव-मनमाड-पुणे असं तुकड्यातुकड्यांनी, मांडीवर अक्कांनी दिलेला केळ्यांचा फणा घेऊन आले. वाटेत लॅपटॉपवर दोन पानं खोडली आणि त्या जागी सहा ओळी लिहिल्या.

बैठकीत मी सगळं सांगितलं: नोंदींचा चुकीचा अर्थ लावला, प्रकरण चुकीचं होतं, आणि चूक एका शेतकरी बाईनं दाखवली. मेलमध्ये तो प्रश्न विचारणारे गृहस्थही तिथे होते. त्यांनी वाऱ्याबद्दल, पानांबद्दल, दोन डब्यांमधल्या अंतराबद्दल एकामागून एक विचारलं, आणि यावेळी प्रत्येकाचं उत्तर माझ्याकडे होतं. कार्यगटानं मसुदा पुढच्या कामासाठी स्वीकारला. तो पक्का व्हायला अजून वर्षं लागतील. आभाराच्या यादीत सरांनंतर ‘कमलअक्का’ असं लिहिलंय, आणि ‘अक्का’ हे आडनाव आहे का, असं एकानं विचारूनही झालंय.

आता नवं काही लिहायला घेतलं की आधी फोन करते, आणि नोंदींबद्दल नाही, तिथल्या माणसांच्या दिवसाबद्दल विचारते. दोन वर्षं नोंदी वाचून जे कळलं नाही, ते चहाच्या एका कपानंतर कळलं, याची थोडी लाज वाटते आणि बरंही वाटतं.

मसुदा स्वीकारल्याचं मी दुपारीच अक्कांना फोनवर सांगितलं. जगभरातल्या लोकांनी होकार दिला, असंही सांगितलं.

“चांगलं झालं, माय,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “म्हनजे दुपारी खांबापाशी जायाले नको ना आता?”

“नको.”

“मंग ठेव फोन. डोया लागत होता माह्या.”