रंगीत काचांची वही

लग्न होऊन मी गोंदियाला आले तेव्हा यजमानांचा फोटो स्टुडिओ स्टेशनापासून चालत पाच मिनिटांवर होता. पुढच्या खोलीत पडदा, खुर्ची आणि कॅमेरा. मागच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं आणि सासूबाई. माझं माहेर सालेकशाकडचं, धान पिकवणारं. मराठी सातवीपर्यंत शिकले होते आणि अक्षर बरं होतं, म्हणून प्लेटांच्या पाकिटांवर गिऱ्हाइकाचं नाव-गाव लिहायचं काम पहिल्याच वर्षी माझ्याकडे आलं. फोटो तेव्हा काचेच्या प्लेटांवर निघत.

एका माघात अर्जुनी मोरगावकडून एक म्हातारे कास्तकार आले. कोहळी समाजाचे. त्यांच्या पूर्वजांनी गावाला तलाव बांधून दिला होता आणि त्या तलावाचा फोटो त्यांना हवा होता. आमच्याकडे लोक माणसांचे फोटो काढायला येत. तलावाचा फोटो मागणारे हे पहिलेच. यजमानांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ज्यायनं बांधला त्यायचा फोटू कुठून आनू? त्यायच्या कामाचा तरी घरात राहू दे."

यजमान छोट्या लाइनीच्या गाडीनं गेले आणि दोन प्लेटा काढून आले. फोटो वाळला तेव्हा मीही पाहिला. वर आभाळ पांढरं, खाली पाणी पांढरं, मधे पलीकडच्या पाळीची, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाची, एक काळी रेघ. कोणी सांगितलं नसतं तर मला तो कोऱ्या कागदावर ओढलेला फराटा वाटला असता. म्हाताऱ्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, आणि शांतपणे विचारलं, "यात तलाव कोनता हाये?"

ते रागावले नाहीत. फोटो टेबलावर ठेवला, पुन्हा कधी जमलं तर कळवा म्हणाले आणि गाडीच्या वेळेला निघून गेले. यजमान दोन दिवस दोन घास खाऊन पानावरून उठले.

दोष त्यांच्या हाताचा नव्हता. आम्ही वापरायचो त्या प्लेटेला निळा रंग जवळजवळ पांढऱ्यासारखाच दिसायचा, पिवळा अर्धामुर्धा दिसायचा आणि तांबडा दिसायचाच नाही. म्हणून हळद लागलेल्या नवरीचा चेहरा काजळी धरल्यासारखा यायचा, कुंकू काळं उमटायचं आणि मुलीचे आईबाप आमच्याशी वाद घालायचे. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोत मी कोळशासारखी दिसते. सासूबाई पाहुण्यांना तो दाखवताना दर वेळी सांगायच्या की सून खरी अशी नाही.

त्याच वर्षी होळीच्या सुमारास जंगल खात्यातला एक गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाला. त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला काढलं होतं. यजमान तिथे कॅमेऱ्याची तिपाई आणायला गेले, पण ती आधीच कोणी नेली होती. परत आले ते काखेत एक सागवानी पेटी घेऊन. आत मखमलीच्या खाचांत तेरा रंगीत काचा उभ्या होत्या, तळहातावर मावतील अशा चौकोनी. पाच पिवळ्या, दोन नारिंगी, तीन तांबड्या, दोन हिरव्या आणि एक गर्द निळी.

मी विचारलं, "फोटो तर काळा-पांढरा निघते. त्याले रंगीत काच कायले?"

त्यांनी मला सगळं समजावलं. ही काच भिंगापुढे लावायची. ती काही रंगांचा उजेड अडवते आणि काहींचा आत सोडते. आभाळाचा निळा अडवला तर आभाळ फोटोत करडं येईल, आणि आभाळ करडं आलं तर ढग आणि पाणी वेगळं दिसेल. हे सांगताना त्यांचा चेहरा इतक्या दिवसांनी उजळला होता.

अडचण एवढीच होती की कोणती काच काय करते ते सांगणारा कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता आणि तो वाळवीनं खाल्ला होता. दोन-तीन इंग्रजी अक्षरं उरली होती, काही आकडे, आणि आकड्यांमागे गुणाकाराच्या फुल्या. फुल्यांचा अर्थ यजमानांना कळला. काच उजेड खाते, म्हणून फोटोला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो, कोणाला दुप्पट, कोणाला आठपट. पण कोणता आकडा कोणत्या काचेचा, ते वाळवीच जाणे.

"मग आपणच शोधू," मी म्हटलं. आणि ते हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसातल्या भिंतीला एक पाट टेकवला. त्यावर चिकणमातीचे सात गोळे थापून त्यात सात गोष्टी बसवल्या: तांदळाचं पीठ, हळद, कुंकू, नीळ, कोवळी हिरवी पानं, पळसाची फुलं आणि कोळसा. सासूबाई बाहेर आल्या, थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "काऊन वो, भिताडाची पूजा करून राहिली का?" मी सांगितलं की काचांची परीक्षा आहे. त्यांनी कुंकू जपून वापरायला सांगितलं आणि आत गेल्या.

प्लेटा वाया जाऊ नयेत म्हणून यजमानांनी पुठ्ठा कापून अशी सोय केली की एकाच प्लेटेवर चार छोटे फोटो निघतील. पिवळ्या काचांचं काम पहिल्याच दिवशी बरं झालं. तांबड्या काचांच्या वेळी मात्र प्लेट साफ कोरी निघाली. त्यांनी वेळ दुप्पट दिला, चौपट दिला, तरी कोरीच. त्यांना वाटलं काचाच बिघडलेल्या आहेत. ते एकेक काच उन्हात धरून पाहत बसले होते. मी भाजी निवडत होते आणि मला एकदम सुचलं ते मी बोलून टाकलं.

"आपल्या प्लेटेले तांबडा दिसतच नाई म्हनता ना. मंग तांबड्या काचेतून तिनं पाहावं काय?"

त्यांनी हातातली काच खाली ठेवली. मग हसले, अगदी मोठ्यानं हसले. इतकी वर्षं ते हेच काम करत होते आणि ही साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती, याचं त्यांना वाईट वाटलं नाही. त्याच दुपारी त्यांनी नागपूरच्या दुकानदाराला पत्र टाकलं आणि सगळे रंग दिसणाऱ्या प्लेटा मागवल्या. पॅनक्रोमॅटिक म्हणायचे त्यांना. सासूबाई 'पानवाल्या प्लेटा' म्हणायच्या आणि पुढे आम्हीही तेच म्हणू लागलो.

या प्लेटांना तांबडा दिसतो, म्हणून त्या धुताना जुन्या प्लेटांना चालणारा तांबडा दिवासुद्धा चालत नाही. पूर्ण अंधारात काम करायचं आणि घड्याळ दिसत नाही. मी पाढे म्हणायचे. दोनापासून दहापर्यंतचे पाढे एका लयीत म्हणायला किती मिनिटं लागतात ते आम्ही आधी घड्याळाशी ताडून पाहिलं होतं. मी दाराबाहेर बसून पाढे म्हणायचे आणि आत ते प्लेट हलवत राहायचे. रस्त्यानं जाणाऱ्या एका शेटजींनी एकदा आत डोकावून विचारलं की बाई, किस क्लास को पढ़ा रही हो. मी सातचा पाढा सोडून त्यांना उत्तर देऊ शकत नव्हते, ते वाट पाहून निघून गेले.

चैत्र आला आणि ऊन वाढलं. एका दुपारी दोन प्लेटांवरचा थर गरमीनं सुटला आणि ताटलीत सायीसारखा तरंगू लागला. त्यानंतर आम्ही पहाटेच काम करायचो, ओल्या गोणपाटात ठेवलेल्या रांजणातलं पाणी घेऊन.

महिनाभरात तेरा काचांची माहिती जमली आणि ती मी एका वहीत उतरवली. सुरुवातीला मी काचा डोळ्यांना दिसतात तशा रंगांवरून लावल्या होत्या. ते चुकलं. दोन पिवळ्या काचा डोळ्याला सख्ख्या बहिणी वाटायच्या, पण एकीतून नीळ थोडी गडद यायची आणि दुसरीतून कोळशाच्या जवळ जायची. म्हणून मी दिसणं सोडून दिलं आणि काम धरलं. काच आपल्या रंगाला फोटोत उजळ करते आणि परक्या रंगाला दाबते. कोणाला किती दाबते आणि किती पट वेळ मागते, एवढंच मी लिहिलं.

त्यावरून तीन घरं झाली. पहिल्या घरात सौम्य काचा, ज्या फोटोत सगळं फक्त डोळ्याला दिसतं तसं आणतात. त्यांची नावं मी हळद एक, हळद दोन, हळद तीन अशी ठेवली, फिक्यापासून गडदापर्यंत. दुसऱ्या घरात जोरकस काचा, ज्या एक रंग मुद्दाम चढवतात आणि दुसरा पाडतात. त्यात गडद पिवळ्या, नारिंगी, तांबड्या आणि एक फिकी हिरवी. नारिंगी काचेला पळस म्हटलं, कारण तिच्यातून पळसाचं फूल पिठाइतकं पांढरं आलं होतं. तांबडीला कुंकू. तिसऱ्या घरात उरलेल्या दोन, गर्द हिरवी आणि निळी. निळी तर आमच्या जुन्या प्लेटेचा दोष परत आणायची; आभाळ पुन्हा पांढरं, हळद पुन्हा काळी. असली काच कोणी पैसे घालून का बनवेल ते आम्हाला कळेना. मी त्या घरावर 'निकामी' लिहिलं.

आश्विनात यजमानांनी अर्जुनी मोरगावला कार्ड टाकलं आणि या वेळी मलाही सोबत नेलं, कारण वही मला पाठ होती. म्हातारे बैलगाडी घेऊन स्टेशनवर आले होते. मी आलेली पाहून त्यांनी गाडीत आणखी पेंढा पसरायला लावला. तलाव काठोकाठ भरला होता. खाली धान उभं होतं, लोंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या आणि आभाळात पांढरे ढग होते. त्यांनी आम्हाला पाळीवरून फिरवलं आणि पाणी सोडायची जागा दाखवली, जिला तिकडे तुडुम म्हणतात. ती नीट दिसली पाहिजे, एवढंच त्यांनी सांगितलं.

काच कोणती लावायची यावर आमचं दोघांचं जमेना. त्यांना कुंकू हवी होती, कारण तिच्यातून आभाळ सर्वांत गडद येतं. मी म्हटलं की कुंकू हिरव्यालाही दाबते, धान सगळं काळं पडेल. हळद तीन घ्या. शेवटी ते म्हणाले की दोन्ही काढू आणि म्हाताऱ्यांनाच निवडू देऊ. तसंच केलं. वारा होता आणि वेळ जास्त द्यायचा होता, म्हणून मी तिपाईच्या पायांवर दगड ठेवले आणि छत्री धरून उभी राहिले.

आठ दिवसांनी म्हातारे स्टुडिओत आले. यजमानांनी आधी आपला फोटो पुढे केला. आभाळ जवळजवळ काळं, ढग पांढरे शुभ्र, फार रुबाबदार दिसत होता. म्हाताऱ्यांनी तो बराच वेळ पाहिला.

"चांगला हाये," ते म्हणाले. त्यांच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो. "पन असं आभार आलं असतं त आपन पारीवर उभे राहिलो असतो का? अन् धान जरलं काऊन?"

मग मी दुसरा दिला. त्यात आभाळ करडं होतं, पाणी त्याहून जरा गडद, पाळ स्वच्छ दिसत होती आणि धान धानासारखं होतं. त्यांनी बोटानं पाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ नेली, तुडुमापाशी थांबले, आणि तिथल्या दगडांची नावं घेतल्यासारखं काहीतरी पुटपुटले. नंतर त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि आम्हाला विचारलं की याच्या तीन प्रती होतील का, दोघी लेकींना एकेक द्यायची आहे. यजमानांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. घरात तो दिवस सणासारखा गेला. सासूबाईंनी न सांगता वड्या केल्या.

पुढे लग्नसराईत हळद एक आणि पानवाल्या प्लेटा यांनी आमचं बरंच नाव केलं. नवऱ्या आपल्या रंगाच्या दिसू लागल्या आणि भांडणं थांबली.

दुसरी मोठी लढाई सुरू होण्याच्या थोडं आधी नागपूरचे एक ब्लॉकमेकर, म्हणजे पुस्तकांतली चित्रं छापण्यासाठी ठसे करणारे गृहस्थ, नागझिऱ्याच्या जंगलाकडे जाताना आमच्याकडे प्लेटा घ्यायला थांबले. पेटी त्यांनी लगेच ओळखली. त्यांनी काचा बनवणाऱ्या कंपनीनं दिलेली खरी नावं सांगितली: पिवळ्यांना के, गडद पिवळीला जी, तांबडीला ए. मी विचारलं की पिवळ्याला के का आणि तांबड्याला ए का. ते म्हणाले की हे त्यांनाही कधी कोणी सांगितलं नाही. मग त्यांनी माझी वही मागितली आणि उभ्या उभ्या सगळी वाचली. वेळेचे पट त्यांनी दोन ठिकाणी सुधारले, बाकीचे बरोबर होते.

'निकामी'वर मात्र त्यांचं बोट थांबलं. ते म्हणाले, "वहिनी, या दोघी तांबडीच्या जोडीदारणी आहेत. एकाच चित्राचे तीन फोटो तीन काचांतून काढायचे, त्यांचे तीन ठसे करायचे आणि प्रत्येकाला त्याच्या काचेनं दाबलेल्या रंगाची शाई लावून एकावर एक छापायचे. रंगीत चित्र असंच निघतं."

त्यांनी आपल्या पिशवीतून एका दिनदर्शिकेचं पान काढलं आणि भिंगाखाली धरायला दिलं. निळे, तांबडे, पिवळे ठिपके एकमेकांना चिकटून बसले होते आणि भिंग बाजूला केलं की कमळ दिसत होतं. मी सासूबाईंना बोलावलं. त्यांनीही पाहिलं आणि पुन्हा पुन्हा भिंग वर-खाली केलं.

ते गेल्यावर मी वही उघडली आणि 'निकामी' खोडून 'तिघींचं घर' लिहिलं, आणि तांबड्यांतली एक तिकडे हलवली. कंपनीची अक्षरंही शेजारी लिहून घेतली, पण बोलताना आमच्या तोंडात ती कधी बसली नाहीत. पुढच्या आठवड्यात एक लग्न होतं. त्याची तयारी करताना यजमान आतून हाक मारून हळद एक मागत होते आणि मी ती पुसून त्यांच्या हातात दिली.